साडेपाच सेकंदांचा हिशेब: टेंपीच्या अपघातात कायदा कुठवर पोचला

२८ जुलै २०२३ रोजी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात एका महिलेने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला. न्यायालयाने तिला तीन वर्षांचे प्रोबेशन दिले, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा. स्वयंचलित चाचणी गाडीच्या धडकेत पादचाऱ्याचा जीव गेल्याच्या जगातल्या पहिल्या ज्ञात घटनेचा फौजदारी निकाल तो एवढाच. तोवर घटनेला पाच वर्षे उलटून गेली होती.

गाडी उबर कंपनीची. ती हाकणारे सॉफ्टवेअर उबरच्याच अभियंत्यांनी लिहिलेले. ब्रेक कधी लावायचा आणि कधी थांबून राहायचे, हे ठरवले त्यांनीच. चाचण्यांना मोकळे रान दिले राज्याच्या गव्हर्नरांनी. शिक्षा मात्र गरज पडल्यास ताबा घेण्यासाठी चालकाच्या जागेवर बसलेल्या, पगारी ऑपरेटरला. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणावे, तर तसेही नाही. ही ऑपरेटर काही संन्यासी नव्हती. तिने कामात कसूर केली, हे तपासात दिसले आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. तिच्यापर्यंत कायदा पोचला, कारण ‘निष्काळजी चालक’ हा खाना त्याच्याकडे शंभर वर्षांपासून तयार होता. बाकीच्यांनी जे केले त्यासाठी खानाच नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याबद्दल आज जी चर्चा चालते, तिची बहुतेक सगळी कोडी या एका प्रकरणात सापडतात. म्हणून ते सविस्तर मांडतो. मृत महिलेचे आणि ऑपरेटरचे नाव सार्वजनिक नोंदीत आहे, पण इथे त्याची गरज नाही.

रस्त्यावर काय घडले

१८ मार्च २०१८, रविवार. टेंपी शहरातला मिल ॲव्हेन्यू हा रुंद रस्ता. रात्रीचे दहा वाजायला दोनेक मिनिटे होती. ४९ वर्षांची एक महिला सायकल हाताने ढकलत दुभाजकाकडून पलीकडच्या कडेला निघाली होती. तिथे झेब्रा क्रॉसिंग नव्हते. दुभाजकावर मात्र विटांच्या फरसबंदीच्या वाटा केलेल्या होत्या आणि शेजारी ‘इथून ओलांडू नका’ असे सांगणारे फलक होते. पायाला वाट दाखवायची आणि पाटीवर मनाई लिहायची, हा शहर आखणीचा जुना खोडसाळपणा आहे.

समोरून व्होल्वो एक्ससी ९० येत होती. वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे मर्यादेच्या आत. गाडी स्वयंचलित पद्धतीने चालली होती. पुढचा सगळा क्रम अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) गाडीतल्या नोंदींवरून लावला आहे.

धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारला काहीतरी दिसले. गाडी तेव्हा शंभर मीटरहून थोडी जास्त लांब होती. सॉफ्टवेअरने त्या आकृतीला ‘वाहन’ म्हटले. ५.२ सेकंदांवर लायडारलाही, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्रालाही, ती दिसली. आता नाव बदलून ‘इतर’ झाले. पुढे पुन्हा ‘वाहन’. मग सेकंदभराहून थोड्या जास्त काळात ‘वाहन’ आणि ‘इतर’ यांच्यात बऱ्याच कोलांट्या. २.६ सेकंदांवर ‘सायकल’. १.५ सेकंदांवर परत ‘इतर’. म्हणजे गाडीला दिसत नव्हते असे अजिबात नाही. दिसत होते, नाव ठरत नव्हते.

नाव न ठरल्याने एवढे बिघडावे का? बिघडले ते रचनेमुळे. दर वेळी नाव बदलले की त्या वस्तूच्या हालचालीचा आधीचा मागोवा टाकून दिला जाई. काही सेकंद डावीकडून उजवीकडे सरकत आलेली आकृती प्रत्येक नव्या नावासरशी जणू आत्ताच उगवली, असा हिशेब सुरू होई. त्यात भर म्हणजे झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यताच रचनेत धरलेली नव्हती. रस्त्यावर पाऊल ठेवलेल्या कोणालाही हे वाक्य वाचून हसू येईल, पण ते अधिकृत अहवालातले आहे.

१.२ सेकंद उरले तेव्हा गाडीला धोका उमगला. आता वळून चुकवणे शक्य नव्हते, ब्रेकच लावायला हवा होता. तो लागला नाही. कारण सॉफ्टवेअरमध्ये एक सेकंदाची रोक होती. धोका जाणवला तरी सेकंदभर ब्रेक रोखून धरायचा, तेवढ्या वेळात धोका खरा की भास ते तपासायचे, दुसरा मार्ग शोधायचा, किंवा ऑपरेटरने ताबा घेण्याची वाट पाहायची. खोट्या इशाऱ्यांवर गाडी वारंवार करकचून थांबू लागली तर ते प्रवाशाला आणि मागून येणाऱ्यालाही धोक्याचे, अशी त्यामागची भूमिका. भूमिका वेडगळ नाही. पण सेकंद संपल्यावर काय करायचे याचा नियम पाहा: पूर्ण ब्रेक लावून धडक टाळता येत असेल तर ब्रेक लावायचा, टाळता येत नसेल तर ऑपरेटरला आवाजी इशारा द्यायचा आणि गाडी हळूहळू धीमी करायची. धडक होणारच असेल तर निदान ती सौम्य व्हावी म्हणून जोरात ब्रेक लावणे, हा पर्याय नियमात नव्हता.

मी ढोबळ गणित करून पाहिले. १.२ सेकंदांवर गाडी साधारण २२ मीटरवर होती. या यंत्रणेला सेकंदागणिक ७ मीटर प्रति सेकंद वेग घटवण्याइतका ब्रेक लावण्याची मुभा होती. ब्रेकला दाब धरायला लागणारा वेळ बाजूला ठेवला, तर धडकेच्या क्षणी वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास आला असता. प्रत्यक्षात तो ६३ होता. शिवाय गाडी मंदावल्यामुळे त्या महिलेला आणखी पाऊलभर पुढे जायला वेळ मिळाला असता, तो वेगळाच.

०.२ सेकंद उरले तेव्हा इशारा वाजला. ऑपरेटरने स्टिअरिंग हातात घेतले तेव्हा ०.०२ सेकंद उरले होते. तिचा पाय ब्रेकवर गेला तो धडकेनंतर ०.७ सेकंदांनी.

आणखी एक गोष्ट. व्होल्वोच्या त्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा बसवलेली होती. उबरची यंत्रणा चालू असताना ती बंद ठेवली जाई, कारण दोघांच्या रडारची वारंवारता एकमेकांत मिसळण्याची भीती होती. नंतर व्होल्वोने या अपघाताची वीस प्रकारे संगणकीय पुनर्रचना केली. त्यांपैकी सतरा वेळा कारखान्याच्या यंत्रणेने धडक टाळली असती.

त्या खुर्चीवरचे माणूस

तपासात निघाले की ऑपरेटरच्या फोनवर प्रवासादरम्यान एक टीव्ही कार्यक्रम चालू होता आणि धडकेआधीच्या काही सेकंदांत तिची नजर खाली होती. आतल्या कॅमेऱ्यात ते दिसते. पोलिसांच्या मते तिचे लक्ष रस्त्यावर असते तर अपघात टळला असता. बचाव पक्षाचे म्हणणे असे की कार्यक्रम ती फक्त ऐकत होती आणि पाहत होती ते कंपनीचे कामाचे संदेश. खटला चाललाच नाही, म्हणून यातले खरे काय याची उलटतपासणीत कधी परीक्षा झाली नाही.

पण तिच्या कामाचे स्वरूपही पाहायला हवे. २०१७च्या शरद ऋतूपर्यंत अशा गाडीत दोन ऑपरेटर असत. मग कंपनीने एक काढला. दुसरा माणूस सुरक्षेसाठी नव्हताच, तो नोंदी करायला होता, असा कंपनीचा खुलासा. खुलासा मान्य केला तरी आता नोंदींचे काम एकट्यावरच आले आणि त्यासाठी मधल्या पडद्याकडे बघणे भाग होते. शिवाय शेजारी दुसरे माणूस असले की फोन खिशात राहतो, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. आतला कॅमेरा होता, पण त्याचे चित्रण कंपनी क्वचितच तपासत असे.

ठरलेल्या रस्त्याच्या त्याच त्या फेऱ्या तासन्‌तास मारायच्या. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा यंत्र बरोबर चालते, म्हणून लक्ष ढळते. विमानांच्या ऑटोपायलटवर दशकानुदशके झालेल्या अभ्यासांतून ही गोष्ट पक्की ठाऊक आहे. म्हणजे जे माणसाला नीट जमत नाही, नेमके तेच काम त्याला सोपवले होते, आणि ते होते की नाही हे पाहणाराही कोणी नव्हता. तरी ऑपरेटर निर्दोष ठरत नाही. रखवालदार झोपला तर दोष त्याचाच असतो. पण कुलूप काढून ठेवणाऱ्याची चौकशी तेवढ्याने थांबत नाही.

ॲरिझोनाचे मोकळे रस्ते

उबर ॲरिझोनात आली कशी, हा या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोत चाचण्या सुरू केल्या. कॅलिफोर्नियाने चाचणी परवाना मागितला. आमच्या गाडीत माणूस बसलेला असतो, तेव्हा परवाना लागत नाही, असे कंपनीचे म्हणणे. राज्याने गाड्यांची नोंदणीच रद्द केली. त्याच आठवड्यात गाड्या ट्रकवर चढवून ॲरिझोनाकडे रवाना झाल्या आणि गव्हर्नर डग ड्युसी यांनी त्यांचे जाहीर स्वागत केले. ॲरिझोनात २०१५च्या कार्यकारी आदेशाने चाचण्यांना वाव दिलेला होता. सल्ल्यासाठी समिती होती, पण सुरक्षेचा आराखडा मागणारी, तपासणारी, नाकारू शकणारी यंत्रणा नव्हती. अपघातानंतर आठ दिवसांत त्याच गव्हर्नरांनी उबरच्या चाचण्या थांबवल्या.

कॅलिफोर्नियाचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. तिथला तेव्हाचा परवाना विमा, अपघातांची माहिती आणि माणसाने ताबा घेतल्याच्या नोंदी मागत असे. एक सेकंदाची ती रोक त्या अर्जात कोणाच्या नजरेला आली असती, असे मला वाटत नाही.

खरी फट याच्याही मागे आहे. अमेरिकेत गाडीच्या बांधणीचे नियम केंद्र सरकार करते आणि चालकाचा परवाना राज्ये देतात. ही वाटणी वर्षानुवर्षे ठीक चालली, कारण गाडी ही वस्तू आणि चालक हा माणूस. सॉफ्टवेअर चालक झाले तसा प्रश्न उभा राहिला की त्याची परीक्षा कोणी घ्यायची? केंद्राच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१७च्या सप्टेंबरमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही ऐच्छिक. कंपन्यांनी वाटल्यास सुरक्षेचे स्वमूल्यांकन सादर करावे. त्याच महिन्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहाने स्वयंचलित वाहनांचे विधेयक मंजूर केले, ते सिनेटमध्ये अडकून मेले. केंद्र म्हणे चालक राज्यांचा, राज्य म्हणे तंत्र केंद्राचे, आणि परीक्षा न देता गाडी रस्त्यावर.

ठपका कोणावर, खटला कोणावर

सुरुवातीला टेंपीच्या पोलीस प्रमुखांनी चित्रफीत पाहून सांगितले की या अपघातात बहुधा उबरचा दोष नसावा. चित्रफितीत ती महिला काळोखातून अचानक पुढे आल्यासारखी दिसते. तो कॅमेऱ्याचा काळोख होता. गाडीचे रडार आणि लायडार उजेडावर अवलंबून नसतात आणि त्यांना ती केव्हाच दिसली होती, हे नंतर कळले. जनमत मात्र त्या काळोख्या चित्रफितीवर बनून गेले होते. यंत्राच्या अपघातात पहिला पुरावा कोणता बाहेर येतो आणि तो कोणाच्या ताब्यात असतो, याने बरेच काही ठरते.

मृत महिलेच्या कुटुंबाशी कंपनीने त्याच महिन्यात तडजोड केली. रक्कम गुप्त. कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर ते समजण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा ते बरे. कायद्याच्या बाजूने पाहिले तर नुकसान झाले. सॉफ्टवेअरची रचना सदोष होती का, यावर कुठल्याही न्यायालयाने एक शब्द लिहिला नाही.

स्थानिक सरकारी वकिलांचे हितसंबंध आड येऊ नयेत म्हणून पोलिसांचा तपास दुसऱ्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सरकारी वकिलांकडे गेला. मार्च २०१९ मध्ये त्यांनी कळवले की कंपनीवर फौजदारी जबाबदारी येईल असा आधार नाही. पत्र छोटे होते, कारणांची फोड त्यात नव्हती. ऑपरेटरचे प्रकरण परत आले आणि २०२० मध्ये तिच्यावर निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याचा आरोप ठेवला गेला. तीन वर्षांनी सौम्य गुन्ह्याची कबुली देऊन तो मिटला.

दरम्यान १९ नोव्हेंबर २०१९ रोजी एनटीएसबीने आपला निष्कर्ष जाहीर केला. संभाव्य कारण: फोनकडे लक्ष असल्याने ऑपरेटरने रस्त्यावर नजर ठेवली नाही. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टी: कंपनीची जोखीम तपासण्याची अपुरी पद्धत, ऑपरेटरांवर न ठेवलेली देखरेख, यंत्रावर विसंबून बेसावध होणाऱ्या माणसासाठी काहीच योजना नसणे, आणि या सर्वांच्या मुळाशी कंपनीतली कच्ची सुरक्षा संस्कृती. पुढे नशेच्या अमलाखाली त्या महिलेने क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडणे, आणि शेवटी ॲरिझोनाच्या परिवहन खात्याची तोकडी देखरेख.

म्हणजे तपास मंडळाने ठपका पाच-सहा ठिकाणी वाटला आणि फौजदारी कायद्याने त्यातली एकच ओळ उचलली. हे दुष्टपणाने झाले असे मी म्हणणार नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा सिद्ध करायला एक मन लागते, ज्याला धोका कळायला हवा होता आणि ज्याने तो नजरेआड केला. ऑपरेटरचे मन एक होते, फोन एक होता, चित्रफीत एक होती. कंपनीत मात्र रोकेचा निर्णय बहुधा एका गटाने घेतलेला, मागोवा टाकून देण्याची रचना दुसऱ्याची, व्होल्वोची यंत्रणा बंद करण्याचे कारण तिसऱ्याचे, माणूस कमी करण्याचा आदेश चौथ्याचा. प्रत्येकाकडे आपापल्यापुरते पटण्याजोगे कारण. असे चार निर्णय एका रात्री एका ठिकाणी जुळून आले. त्यांची बेरीज करून एका डोक्यावर ठेवायची सोय जुन्या कायद्यात नाही. इथेच घोडे पेंड खाते.

मग कायद्याने मागायचे काय

एक मत असे की कंपन्यांवरच मनुष्यवधाचे खटले भरावेत, म्हणजे त्या सरळ येतील. मला हा मार्ग अपुरा वाटतो. वरची अडचण दूर होत नाही तोवर असे खटले टिकणार नाहीत, आणि निर्दोष सुटलेली कंपनी खटला न झालेल्या कंपनीपेक्षा जास्त निर्धास्त होते. दुसरे मत असे की सगळे दिवाणी दाव्यांवर सोडावे. त्यात तथ्य आहे. दिवाणी कायद्याला दोष वाटून देता येतो. फ्लोरिडात २०१९ मध्ये टेस्लाच्या गाडीने झालेल्या मृत्यूच्या दाव्यात २०२५च्या ऑगस्टमध्ये ज्युरीने नेमके तेच केले. ३३ टक्के जबाबदारी कंपनीची, बाकीची चालकाची. सामान्य नागरिकांच्या आवाक्यात असलेली ही वाटणी टेंपीत झाली नाही, कारण तडजोडीने दाराला कडी घातली. दिवाणी मार्ग फिर्यादीच्या चिकाटीवर चालतो. सार्वजनिक सुरक्षा तेवढ्यावर सोडता येत नाही.

माझ्या मते कायद्याचा जोर अपघाताच्या आधी हवा, आणि तो एका साध्या सक्तीवर हवा: रस्त्यावर येण्यापूर्वी कंपनीने आपण जाणूनबुजून केलेल्या तडजोडी लिहून, सही करून द्यायच्या. आमचे यंत्र कोणत्या परिस्थितीत ब्रेक रोखून धरते. कारखान्याची कोणती सुरक्षा यंत्रणा आम्ही बंद केली आणि बदल्यात काय बसवले. रस्त्यावरचे कोणते वर्तन आम्ही गृहीत धरलेले नाही. ताबा घ्यायला माणसाला किती वेळ मिळतो. हे चार प्रश्न टेंपीत विचारले असते, तर उत्तरे अशी लिहावी लागली असती: ‘एक सेकंद’, ‘बंद केली, बदल्यात काही नाही’, ‘क्रॉसिंगबाहेर चालणारी माणसे’, ‘प्रसंगी ०.२ सेकंद’. असा कागद समोर आल्यावर कुठल्याही अधिकाऱ्याला सॉफ्टवेअरचा ओ की ठो कळत नसला तरी पेन खाली ठेवावे लागले असते.

याला नेहमीचा आक्षेप येतो की सरकारी माणसांना हे तंत्रज्ञान समजत नाही, ते नुसते शिक्के मारतील. शिक्के मारतीलही. तरीही कागदाचा उपयोग राहतो, तो असा की लिहिणाऱ्याला विचार करावा लागतो. उबरमध्ये आपापल्या जागी पटणारे चार निर्णय एका पानावर कोणी शेजारीशेजारी मांडले होते का? एनटीएसबीचा अहवाल वाचून तसे वाटत नाही. त्या विभागाकडे औपचारिक सुरक्षा आराखडाच नव्हता. आणि अपघात झालाच, तर हाच सही केलेला कागद ‘धोका कोणाला ठाऊक होता’ या प्रश्नाचे उत्तर ठरतो. विखुरलेल्या निर्णयांना एक मन मिळते.

ब्रिटनचा २०२४चा स्वयंचलित वाहन कायदा या दिशेने बराच पुढे गेला आहे. तिथे प्रत्येक मंजूर गाडीमागे एक अधिकृत संस्था ठरते आणि गाडीच्या चालण्याला ती जबाबदार राहते. गाडी स्वतः चालत असताना आत बसलेल्या वापरकर्त्यावर ड्रायव्हिंगचे गुन्हे लागत नाहीत. सुरक्षेबद्दल खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यातून मृत्यू वा गंभीर इजा झाली तर तो अधिक गंभीर होतो. हे कलम किती नेमके आहे, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रकरणावरून कळते. २ ऑक्टोबर २०२३ रोजी क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीने, आधीच दुसऱ्या गाडीने उडवलेल्या महिलेला सुमारे वीस फूट फरफटत नेले. नियामकांना दिलेल्या माहितीत फरफटीचा भाग नीट आला नाही. कॅलिफोर्नियाने परवाना स्थगित केला आणि वर्षभराने कंपनीने खोटा अहवाल दिल्याचे कबूल करून पाच लाख डॉलर दंड भरला. अपघातापेक्षा लपवाछपवी महाग पडली, आणि ते योग्यच झाले. सत्य सांगण्याची सक्ती ही सगळ्या नियमनाची पहिली अट आहे. नोंदी कंपनीच्या संगणकात असतात, साक्षीदाराच्या डोळ्यांत नव्हे.

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. त्याच्या चौदाव्या कलमात मानवी देखरेखीची अट आहे आणि माणूस यंत्रावर विसंबून राहू लागतो, या धोक्याचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. टेंपीला लागू पडेल असे हेच कलम. गंमत अशी की वाहनांचे नियमन बहुतांशी स्वतंत्र मंजुरी कायद्यांकडे सोपवलेले असल्याने ते गाड्यांना थेट लागू नाही. तरी त्यातला विचार उचलण्याजोगा आहे. ‘शेवटी निर्णय माणूस घेतो’ हे आश्वासन आज कर्ज नाकारणाऱ्या, क्ष-किरण वाचणाऱ्या, नोकरीचे अर्ज गाळणाऱ्या प्रत्येक यंत्रासोबत मिळते. कंपनीसाठी ते सर्वांत स्वस्त आश्वासन आहे, कारण चूक झाली की खापर फोडायला डोके हाताशी असते. कायद्याने त्या माणसाला मोजले पाहिजे. त्याला वेळ किती, माहिती कोणती, थांबवण्याचा अधिकार आहे का, थांबवले तर वरून बोलणी बसतात का, आणि त्याचे लक्ष टिकते की नाही हे कोण बघते. ही उत्तरे देता आली नाहीत तर देखरेख नव्हती असे धरावे आणि यंत्राच्या कृतीची जबाबदारी पूर्णपणे ते लावणाऱ्यावर जावी.

अपघातानंतर उबरने केलेले बदल पाहिले की हे किती आवाक्यातले होते ते दिसते. एक सेकंदाची रोक काढली. नाव बदलले तरी हालचालीचा मागोवा ठेवला जाऊ लागला. व्होल्वोची ब्रेक यंत्रणा चालू ठेवली. गाडीत पुन्हा दोन माणसे आली आणि त्यांच्या लक्षावर नजर ठेवणारी यंत्रणा बसली. डिसेंबर २०१८ मध्ये पिट्सबर्गमध्ये या रूपात चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. दोन वर्षांनी कंपनीने हा सगळा विभाग ऑरोरा या कंपनीला देऊन टाकला.

एक गोष्ट मात्र नव्या कायद्यांतही तशीच राहिली आहे. ब्रिटनच्या कायद्यातले संरक्षण मंजूर गाडीच्या वापरकर्त्याला मिळते. मंजुरीपूर्वी, चाचणीच्या काळात, गाडीत बसलेला प्रशिक्षित ऑपरेटर कायद्याच्या नजरेत चालकच राहतो. म्हणजे टेंपीसारखा प्रसंग उद्या तिथे घडला, तर खटला पुन्हा त्याच खुर्चीकडे वळू शकतो. त्यावर उपाय चाचणी परवान्यातच घालता येईल: एका ऑपरेटरच्या सलग कामाची कमाल मर्यादा, लक्ष ढळले तर त्याच क्षणी वाजणारा इशारा, आतल्या चित्रणाची ठराविक अंतराने सक्तीची तपासणी, आणि या अटी कंपनीने पाळल्याचे आधी सिद्ध केल्याशिवाय ऑपरेटरवर फौजदारी आरोप ठेवता येणार नाही, अशी तरतूद.